तेलाचा काटा

साखळीत जानेवारीची पहाट, म्हणजे थंडी ती कसली,
वाळवंटीवरचं धुकं शटरखालून आत सरकतं,
पान्यांवर दव धरतं, एवढंच.
पण इंजिनाला विचाराल
तर नव्वदच्या खाली सगळी थंडीच.

वकील दुकळ्यांची पिवळी गाडी.
ते गेल्यापासून एकोणीस महिने
दर रविवारी मीच तिला उठवतो.
आज शेवटचं.
बेळगावचा माणूस चोर्ल्याच्या माथ्यावर
पैसे घेऊन थांबणार आहे.

कुंदाबाय म्हणाल्या, मीही येते.
या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या.
"केवढी खाली रे ही सीट,
पाटावर जेवायला बसल्यासारखं."

चावी फिरवली.
काटा दीड हजारावर उडाला, गाडी खोकली,
गॅरेजभर कच्च्या पेट्रोलचा वास.
"मग? निघ की."
थांबा, म्हटलं. तेल रात्रभर तळाशी निजलंय
काकवीसारखं, त्याला वर चढू दे.
फार वेळ उभंही ठेवायचं नाही,
जागच्या जागी गुरगुरत राहिली
तर पेट्रोल आतल्या भिंतींवरचं तेल धुऊन काढतं.
काटा हजाराखाली उतरला की निघायचं,
तीन हजारांच्या वर न जाता,
आजारी माणसाला अंगणात फिरवावं तसं.
मेकॅनिक मी,
पण हे शिकवलं वकिलांनी.

बाजाराच्या वळणावर पोदेर,
सायकलचा भोंपू वाजवत रस्त्याच्या मधोमध.
मी त्याच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये.
साडेतीनशे घोडे आणि पुढे एक पोदेर.
कुंदाबायनी काच खाली करून चार उंडे घेतले,
कागदातून वाफ येत होती, तसेच मांडीवर ठेवले.
सबंध गाडीत सगळ्यात गरम तेच.

पर्येला, भूमिकेच्या देवळापाशी
पाण्याचा काटा मध्यावर आला.
"झाली की गरम!"
ते पाणी. पाणी लवकर तापतं,
त्याच्यावर भुलायचं नाही.
हा बघा तेलाचा. पंचावन्न.
पिस्टन आधी फुगतो, भिंत मागाहून,
दोघांचं जमेपर्यंत ओढायचं नाही.

त्या गप्प.
काजूच्या बागा सुरू झाल्या तेव्हा म्हणाल्या,
"एवढा वेळ थांबायचा हा माणूस?"
दर खेपेला.
"घरात मात्र डोळे उघडले
की थेट सात हजारांवर.
चहा कुठे, कोट कुठे, फाईल कुणी हलवली.
बत्तीस वर्षं."
मी आरशात बघितलं.
आरशात रस्ताच होता.

केरीला ऐंशी.
धरणाचं पाणी झाडांमधून दिसलं, गेलं.
घाटाचा पहिला चढ. शहाऐंशी.
एक ट्रक वरून उतरला, त्याला वाट दिली.
नव्वद.
"आता?"
आता.
"बघू दे तर मग, कशासाठी थांबायचा."

मी पाय दाबला.
पाच हजारांपर्यंत ती नुसती तक्रार करते,
सहाच्या पुढे आवाज बदलतो,
मांजरपाटाचा अख्खा तागा
कुणी एका दमात फाडत न्यावा तसा
डोंगरभर.
उंडे सीटखाली घरंगळले.
कुंदाबायनी दाराची मूठ धरली होती,
तिसऱ्या वळणाला
सोडून दिली.

माथ्यावर वारा. बेळगावचा माणूस
कानटोपी घालून उभा,
मी थांबताच त्यानं चावीसाठी हात पुढे केला.
मी तोंड उघडणार,
त्याच्या आधी कुंदाबाय म्हणाल्या,
"थांबा. मिनिटभर चालू राहू दे.
तापलेलं एकदम बंद करू नये."

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मग त्या वाकल्या
आणि सीटखालचे उंडे शोधू लागल्या.
तीन सापडले. गार.